येण्याचं कारण

बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. डोक्यातला राग उतरत नाय तोवर घेणार. धर्मा. आमच्या ह्यांचं नाव धर्मा, आणि ह्या माणसाच्या तोंडात गेली वीसेक वर्षं एकच वाक्य आहे. तुझ्यावर दावा दाखल करीन.

किन्हवलीला एसटी उशिरा आली की कंडक्टरला सांगणार, दावा दाखल करीन. न्हाव्याच्या हातून एक कल्ला वर, एक खाली झाला की न्हाव्यावर दावा. शेजारच्या बुधूची कोंबडी आमच्या वालात शिरली की दगड उचलून आधी कोंबडीला ताकीद, "थांब, तुझ्यावर दावा दाखल करतो." आमटीत मीठ जास्त पडलं की मला, "तारा, आजच्या आमटीवर दावा दाखल करावा लागंल." पोरीच्या लग्नात मांडववाल्याने खुर्च्या कमी आणल्या, तर भर मांडवात दावा. लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू. वाडीत सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे आणि हा मिशीवरून हात फिरवायचा.

धर्मा मूळचा मुरबाडकडचा, वैशाखऱ्याचा. माझ्या बापाला मी एकटीच, म्हणून लग्न करून हा आमच्याकडे राहायला आला. घरजावयाला गावात कोण विचारतो? बाप होता तोवर खाली मान घालून राबला. बाप गेला आणि ह्याचं हे वाक्य सुरू झालं. म्हटलं, बोलू दे बिचाऱ्याला, बोलून कुणाचं काय जातं. आमचंच जायची वेळ आली, ती कशी ते सांगते.

ओढ्याच्या अंगाला आमचं दोन एकर भात आहे. सातबारा माझ्या नावावर, बापाने हयातीतच केलेला. तिथे जायला रस्त्यापासून एकच वाट, माळावरून. माळ दुसऱ्याचा, पण वाट आमची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बापाची बैलगाडी तिथून गेली, पुढे आमचा भाड्याचा ट्रॅक्टर गेला. दोन्ही चाकांच्या चाकोऱ्या अशा खोल की पावसात त्यात बेडूक राहायचे. मागच्या वर्षी तो माळ विकला गेला. मुलुंडच्या मितेश शेटने घेतला. आधी खांब आले, मग जाळी आली. आमी बघत होतो. वाटेवर जाळी नव्हती, म्हणून गप्प होतो.

जूनची चोवीस तारीख, मंगळवार. राबातलं रोप वीतभर झालं होतं, ते बघायला निघाले, तर वाटेवर लोखंडी गेट. मोठं, निळं, कुलूप लावलेलं. बाजूला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढं बारकं दार. दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर जैतू बसलेला. जैतू पलीकडच्या ठाकूरवाडीतला, माझ्याच वयाचा, लहानपणी आमी एका ओढ्यात खेकडे धरलेले.

"काय रे जैतू, हे काय?"

"ताराबाय, शेटने सकाळीच गेट लावलं. गाडी नाय जाणार आता. माणूस जाईल, हिकडून. पण आधी वहीत लिवायचं."

त्याने वही पुढे केली. लांब, जाड पुठ्ठ्याची. तारीख, नाव, गाव, येण्याचं कारण, सही, असे रकाने आखलेले. जैतूला अक्षर येत नाय. शेटने त्याला सांगितलं होतं, बाया आणि बापे वेगळे दिसले पाहिजेत, म्हणून त्याने त्याच्या अकलेने सोय केली होती. बायांनी वही पुढून उघडून लिवायचं, बाप्यांनी मागून.

येण्याचं कारण. माझ्या बापाच्या शेतात जायला मी कारण लिहू? माझं डोकं असं फिरलं की कानशिलं तापली. एक वेळ वाटलं वही ओढ्यात फेकावी. पण जैतू हात जोडून म्हणाला, "माझी नोकरी जाईल गो." त्याचं तोंड बघून मी पेन घेतलं. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर मोठं आहे. लिहिलं: आजच गेट लावलं. वाट माझी आहे. शेतात चालले. दावा दाखल करीन.

वाक्य नवऱ्याचं होतं. पण रागात तेच हाताशी आलं, घरात दुसरं होतं काय.

घरी येऊन धर्माला सांगितलं तर तो ताडकन उठला. रविवारी शेट मोटारीने आला तेव्हा हा गेला आणि बोलला, "शेट, वाट मोकळी करा, नायतर दावा दाखल करीन." शेट घाबरला होता म्हणे. काका बसा, चहा घ्या, करत होता. मग त्याने वाडीत चौकशी केली, हा दावा करणारा माणूस कोण. बुधूने दात काढून सांगितलं, "अहो, तो माझ्या कोंबडीवरसुद्धा दावा दाखल करतो." पुढच्या रविवारी धर्मा परत गेला, तर शेट हसून म्हणाला, "करा की काका. आधी कोंबडीचा निकाल लागू द्या, मग माझा घ्या."

हे मला बुधूनेच सांगितलं, आणि सांगतानाही हसत होता. माझ्या हातात सूप होतं. त्याच्या डोक्यात घातलं असतं, सुपात तांदूळ होते म्हणून घातलं नाय. त्याला म्हटलं, "बुधू, तुझ्या कोंबडीला वाट लागत नाय, मला लागते. निघ इथून." आणि धर्माला म्हटलं, "आता तोंडाने नको. शहापूरला जा आणि खरोखरचा दावा करा."

"करतो ना. सोमवारी जातो."

गेला. सातबारा, बापाच्या वेळचा नकाशा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेला. पुढच्या सोमवारी परत गेला. दर सोमवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या एसटीने जायचा, चारच्या एसटीने यायचा. मी विचारलं, काय झालं, तर म्हणायचा, "चाललंय. दावा म्हणजे काय भाजी आहे, लगेच शिजायला?" मी विश्वास ठेवला. नवरा इस्त्री करून शहापूरला जातो म्हणजे कामालाच जात असणार, असं मला वाटलं. गाढव मीच.

तोवर गेटवर माझी रोजची सही चालूच. दिवस गेले तसा माझा राग वाढत गेला आणि मी रकानाभर लिहीत गेले. रोपं लावायला, आवणीला माणसं घेऊन आले, वाट माझी, दावा दाखल करीन. पाणी बांधायला आले, दावा दाखल करीन. भाकरी घरी विसरले म्हणून परत आले, तरी दावा दाखल करीन. सर्दी झाली आहे, शिंका येतात, दावा दाखल करीन. गौरीला तेरडा न्यायला आले, गौरीच्या पायाची शपथ घेऊन सांगते, दावा दाखल करीन. एकदा पेनातली शाई संपली, तर जैतूला दुसरं आणायला लावलं आणि ते वाक्य पुरं करूनच आत गेले. जैतू सही बघायचा, मान हलवायचा, वही मिटायचा. शेट तर वहीला हातही लावायचा नाय. त्याला सह्या होतात एवढं पुरे होतं.

कापणी आली आणि माझे हाल कुत्रा खाईना. ट्रॅक्टर गेटबाहेर उभा. आत सव्वाशे भारे पडलेले. एकेक भारा डोक्यावर घेऊन त्या बारक्या दारातून आडवं होऊन काढायचा. भारा जाळीला घासायचा, लोंब्या गळायच्या, पायाखाली दाणे तुडवले जायचे. सहा महिने पोटच्या पोरासारखं जपलेलं भात शेटने दारापाशी घातलेल्या फरशीवर सांडत होतं, आणि त्याचा माळी येऊन मला म्हणाला, मावशी, कचरा होतो, झाडून घ्या. मी झाडलं. झाडताना दात एवढे आवळले होते की रात्री जेवता येईना. धर्माही भारे वाहत होता. वर बघत नव्हता.

"दाव्याचं काय झालं?" मी विचारलं.

"तारीख पडंल," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात बुधू शेटचा निरोप घेऊन आला. वाट नाय तर शेत तुमाला काय कामाचं, शेट घ्यायला तयार आहेत. तेव्हा मला सगळं कळलं. गेट माझ्यासाठी नव्हतंच. गेट माझ्या शेतासाठी होतं. दोन पावसाळे भारे डोक्यावरून वाहिले की ही म्हातारी आपल्या पायाने येऊन म्हणंल, घ्या शेट, असा त्याचा हिशोब होता. आणि आमच्या दोघांच्या मानेवर भारे किती वर्षं निघाले असते, मलाही सांगता आलं नसतं.

डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार. रेशनकार्डाच्या कामाला शहापूरला गेले होते. तहसील कचेरीच्या आवारात जगन नावाचा माणूस टेबल टाकून बसतो, अर्ज लिहून देतो. म्हटलं आलेच आहे तर विचारावं.

"धर्माच्या दाव्याची तारीख कधी लागली रे? किन्हवलीकडचा धर्मा. वाटेचा दावा."

"धर्माभाऊ? दर सोमवारी येतात की. चहा घेतात, बसतात, गप्पा मारतात. माणूस झकास."

"आणि दावा?"

"कसला दावा, काकू?"

मी खाली दगडावर बसले. जगनने पाणी दिलं. मग सगळं विचारून घेतलं, गेट कधी लागलं, शेत कुणाच्या नावावर. बोटांवर महिने मोजले आणि त्याचं तोंड बदललं. म्हणाला, "वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा दाखल करावा लागतो, काकू. येत्या मंगळवार-बुधवारी ते संपतात. उद्या-परवा कचेरी बंद. सोमवारी या. सकाळीच या."

"आणि नाय आले तर?"

"मग मोठं कोर्ट. दहा वर्षं धरून चाला."

त्या एसटीत मी कशी बसले, कशी उतरले, मला आठवत नाय. किन्हवलीहून घरी न जाता तडक शेतावर गेले. गेटवर सही केली, रकान्यात काय लिहिलं ते मलाही ठाऊक नाय. धर्मा वाल पेरत होता. बुधूची कोंबडी बांधावर फिरत होती आणि हा तिला म्हणत होता, "दावा दाखल करीन हां."

त्याच्या हातातली वालाची टोपली मी हिसकली आणि फेकली. म्हटलं, "एवढे सहा महिने कुठे जात होतात? चहा प्यायला? मी ह्या डोक्यावर सव्वाशे भारे काढले. माझ्या बापाचं भात मी शेटच्या फरशीवरून केरसुणीने गोळा केलं. तुमी एक कागद देऊ शकला नाय? कंडक्टरवर दावा, न्हाव्यावर दावा, मिठावर दावा, आणि ज्याच्यावर करायचा त्याच्यावर तेवढा नाय?"

तो खाली बसून एकेक वाल वेचायला लागला. वेचता वेचता बोलला. बाविसाव्या वर्षी मुरबाडच्या कोर्टात त्याचा चुलतभाऊ सावळाराम ह्याच्या जमिनीचा दावा होता आणि धर्मा साक्षीदार. समोरच्या वकिलाने विचारलं, आंबा बांधाच्या कुठल्या अंगाला? रोज त्या आंब्याखाली बसणारा माणूस, पण पाय लटपटले, जीभ टाळ्याला चिकटली, आणि हा उलटं बोलला. कोर्टात लोक हसले. सावळारामची जमीन गेली. सावळाराम परत बोलला नाय, मेला तरी बोलला नाय.

"त्या दिवसापासून कचेरीची पायरी मला चढवत नाय, तारा. दर सोमवारी पायरीपर्यंत जातो. पाय उचलत नाय."

"मग तोंडाने कशाला बोंबलत फिरता?"

"तोंडाने बोललो की बरं वाटतं," तो म्हणाला.

कुणाला दया आली असती. मला आली नाय. तीस वर्षांत हे मला सांगायला तोंड नव्हतं, आणि कोंबडीला सांगायला होतं. मी म्हटलं, "मग ऐका. शेत माझ्या नावावर आहे. मी करते." हे बोलले आणि माझाच मला संताप आला. सातबारा माझा, वाट माझी, भारे माझ्या डोक्यावर, आणि सहा महिने मी इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघत बसले होते. कचेरीचं काम बाप्याने करायचं, असं मी का धरून चालले, कोण जाणे. मला कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

सोमवारी पहिल्या एसटीने निघाले. धर्मा म्हणाला, मीही येतो. म्हटलं, "या. पिशवी धरा." जगनने दावा लिहायला घेतला. अर्धा लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "त्या गेटवर सही वगैरे नाही ना करत?"

"रोज करतो. दोघंही."

त्याने पेन खाली ठेवलं. "काकू, ते म्हणतील तुम्ही परवानगी मागून जात होता. परवानगीने गेलं की हक्क राहत नाही."

मी वहीत काय लिहिलंय ते त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला. "हे खरंच लिहिलं असेल तर सोनं आहे. पण वही त्यांच्याकडे. ते वाचतील आणि फाडून टाकतील." ते मलाही पटलं. तरी दाव्यावर सही केली, कचेरीच्या पायऱ्या चढले. चार पायऱ्या. कारकुनाने कागद घेतला, शिक्का मारला, नंबर दिला. धर्मा खालीच उभा होता, पिशवी छातीशी धरून.

वाडीत बातमी पसरली तर बायाही हसल्या. ताराबाय पण दावे लावायला लागली, नवऱ्याचा वारा लागला. बोलायची मला किळस आली होती.

फेब्रुवारीत सुनावणी लागली. तहसीलदार मॅडम, चष्मा लावलेल्या, कामात बुडालेल्या. शेट आला होता, बरोबर त्याचा वकील. आमच्याकडून मी आणि मागे धर्मा. ह्या वेळी पायऱ्या चढला, माझ्या पदराकडे बघत चढला. वकील उभा राहिला आणि म्हणाला, गेट होळीच्या आधीपासूनच आहे, सहा महिन्यांची मुदत केव्हाच टळली. शिवाय वाट ही नाहीच, आमचे अशील माणुसकीने जाऊ देतात, आणि ह्याचा पुरावा आहे. असं म्हणून त्याने पिशवीतून वही काढली.

तीच वही. जाड पुठ्ठ्याची. फाडली नव्हती.

वकिलाने ती मागून उघडली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. "अर्जदार बाईंचे यजमान रोज काय लिहितात, ते बघावं." आणि मोठ्याने वाचायला लागला. "पंचवीस जून. येण्याचं कारण, शेटच्या परवानगीने शेतात. सव्वीस जून. शेटच्या परवानगीने शेतात. सत्तावीस जून." पान उलटलं. "शेटच्या परवानगीने." पान उलटलं. सहा महिने. सोमवार सोडले तर एक दिवस चुकला नव्हता. अक्षर बारीक, सुंदर, धर्माचं.

मी मागे वळून बघितलं. हा माणूस रोज सकाळी माझ्या आधी शेतावर जायचा. वाडीभर दावा दाखल करीत फिरायचा आणि गेटवर बसून बारीक अक्षरात हे लिहायचा. त्याने मान खाली घातली. मला त्या क्षणी त्याचं काय करावंसं वाटलं ते मी लिहिणार नाय.

"बाई, तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "मॅडम, ती बाप्यांची बाजू आहे. बाया पुढून लिहितात. वही पुढून उघडा."

वकील शेटकडे बघायला लागला. शेट वकिलाकडे. दोघांना ठाऊकच नव्हतं. बाईने काय लिहिलंय ते बघावं, असं सहा महिन्यांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनी वही उलटी केली आणि पहिलं पान उघडलं. पहिलीच ओळ.

"चोवीस जून," त्यांनी वाचलं. "आजच गेट लावलं. वाट माझी आहे. शेतात चालले. दावा दाखल करीन." चष्मा वर केला. "वकीलसाहेब, होळी जूनमध्ये येते का?"

त्या वाचत गेल्या. आवणी, पाणी, भाकरी, सर्दी, तेरडा. कारकून तोंडावर हात धरून हसत होता. मॅडमही एकदा हसल्या. मग भाऱ्यांची पानं आली. आज बावीस भारे डोक्यावरून काढले, ट्रॅक्टर बाहेर उभा आहे, मान दुखते, दावा दाखल करीन. आज तीस भारे. शेटच्या माळ्याने केर काढायला लावला, भात माझंच होतं, दावा दाखल करीन. मॅडम हसायच्या थांबल्या, कारकूनही थांबला.

वकील मात्र हुशार. म्हणाला, "हा बाईंचा राग आहे. घरचा कर्ता पुरुष परवानगी मान्य करतोय, तेवढं पुरेसं आहे."

मॅडमनी धर्माला पुढे बोलावलं. "तुम्ही ह्यांची परवानगी मागितली होती?"

तो उठला. पाय लटपटत होते, मला दिसत होते. जीभ ओठावरून फिरली आणि आत गेली. मुरबाडला असाच उभा राहिला असणार. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा आंबा परत उलट्या अंगाला नेणार. मी डोळे मिटले नाय, रागाने त्याच्याकडे बघतच राहिले.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक की कारकून पुढे वाकला. "मी भिऊन लिवलं. मला कुणी परवानगी दिली नाय, मी मागितली पण नाय. शेट मोठा माणूस, वाटलं असं लिवलं की काय करणार नाय. वाट हिच्या बापाची. मी घरजावई. तीस वर्षं त्या वाटेनं चाललो तो हिच्यामुळं. मी लिवलं ते खोटं आहे. हिनं लिवलं ते खरं आहे."

एवढं बोलून तो खाली बसला नाय, उभाच राहिला. मॅडमनी दोनदा बसा म्हटल्यावर बसला. सदरा पाठीला चिकटला होता.

पंधरा दिवसांनी आदेश आला. गाडी जाईल एवढी वाट मोकळी करायची, पुन्हा अडवायची नाय. शेटची माणसं आली आणि गेट उचकटून घेऊन गेली. खांबांचे दोन खड्डे राहिले, ते मी स्वतः दगड घालून बुजवले. जैतू बघायला आला होता. म्हणाला, "ताराबाय, आता वही नाय, मला चुकल्यासारखं वाटतं." त्याला म्हटलं, "मला नाय वाटत." त्याची नोकरी गेली नाय, शेटने त्याला बागेत घेतला.

बुधू आला, तोंड पाडून, आता बांधाच्या भांडणात त्यालाही तहसीलला जायचं होतं, कागद कुठे द्यायचा विचारत होता. सांगितलं. राग आहे, पण सांगितलं.

घरच्या रागाचं वेगळं. तो असा शिक्का मारून जात नाय. सहा महिने मला फसवलं, ती गोष्ट मी विसरलेले नाय, आणि ते तोंडावर सांगितलंही आहे. मान अजून दुखते. पण त्या दिवशीपासून घरात एक गोष्ट बदलली. ते वाक्य बंद झालं. एसटी उशिरा आली तर गप्प. आमटी खारट झाली तर पाणी पिऊन गप्प. घर कसं ओकंबोकं वाटायला लागलं.

काल वाल तोडत होतो. ट्रॅक्टर बांधापर्यंत आला होता, चाकोऱ्यांत परत चाकांचे ताजे ठसे दिसत होते. बुधूची कोंबडी खुशाल वालात शिरली. ह्यांनी दगड उचलला. तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. दगड हातात तसाच.

मी शेंगा तोडत राहिले. थोड्या वेळाने म्हटलं, "बोला. आता तुमाला बोलता येतं."